ओढ घेताना ट्रक का थरथरतो?

मागच्या भागात आपण ब्रेकच्या हवेबद्दल बोललो. त्यानंतर इंदूर, सुरत, हुबळी, रायपूर अशा ठिकाणांहून फोन आले आणि त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: "साहेब, गाडी एकसारख्या वेगात नीट चालते, पण पिकअप घेताना थरथरते. मिस्त्रीला दाखवली. त्याने हे बदललं, ते बदललं. खर्च झाला, थरथर तशीच."

आजचा भाग त्याच तक्रारीवर आहे. ट्रक ओढ घेताना का थरथरतो, आणि एकही पार्ट न बदलता दोष कुठे आहे हे कसं शोधायचं, ते पाहू. जे घरची कार चालवतात त्यांनीही ऐकावं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला यातलं बरंचसं लागू पडतं.

माझी सही असलेलं जॉब कार्ड

आधी माझ्या चुकीची गोष्ट सांगतो, म्हणजे या विषयावर मी इतक्या पोटतिडकीने का बोलतो ते कळेल.

मी ईएमई कोअरमध्ये होतो. सैन्याच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त ठेवणं हे आमचं काम आणि 'कर्म ही धर्म' हे आमचं ब्रीद. 1986 साली मी नवा कॅप्टन होतो. सिक्कीमच्या चढावर आमच्या गाड्यांची ये-जा सुरू होती. एका ट्रकचा ड्रायव्हर कराडकडचा होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी. एके सकाळी तो मला म्हणाला, "साहेब, गाडी कापतीया. चढाला वझं घेतलं की बुडातनं हादरतीया."

मी चाकं पाहिली. एक टायर एका बाजूने झिजलेला दिसला. तो बदलायला लावला आणि म्हणालो, "आता ठीक होईल." संध्याकाळी तो परत आला. "साहेब, हादरा हायच." माझ्यासमोर त्या दिवशी कागदांचा ढीग होता. मी म्हणालो, "ही फेरी करून ये, मग बघू."

त्या फेरीत तिसऱ्या गियरमध्ये चढ चढताना मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. शाफ्ट खाली पडला आणि फिरता फिरता ब्रेकच्या पाइपवर आपटला. ओढ गेली, ब्रेकही गेले आणि गाडी मागे सरकू लागली. एका बाजूला दरी होती. ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवून गाडीचा मागचा भाग डोंगराच्या अंगावर घातला. सगळे वाचले. सहचालकाचा हात मोडला.

गाडी ओढून आणल्यावर आमच्या हवालदार मिस्त्रीने तुटलेला क्रॉस माझ्या टेबलावर ठेवला. चार कपांपैकी तिघांत ग्रीस होतं. चौथा कोरडा होता आणि आतल्या सुयांची लाल पूड झाली होती. त्या शाफ्टला ग्रीस आमच्याच वर्कशॉपमध्ये मारलं होतं, आणि जॉब कार्डवर सही माझी होती.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. गाडी थरथरते असं ड्रायव्हर म्हणाला, तर ती थरथरते. आपण फक्त कुठे आणि का, एवढंच शोधायचं.

थरथर म्हणजे ठरावीक वेळाने बसणारा धक्का

थरथर म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा बसणारा धक्का. ट्रकमध्ये असे धक्के देणाऱ्या फिरत्या वस्तूंचे तीन गट आहेत: इंजिन, प्रोपेलर शाफ्ट आणि चाकं. आपले ड्रायव्हर प्रोपेलर शाफ्टला नुसतं 'शाफ्ट' किंवा 'जॉइंट' म्हणतात. हे तिन्ही गट वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि तपासाची किल्ली इथेच आहे.

एक हिशेब करू. समजा गाडीला 10.00-20 चे टायर आहेत. असा टायर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर पुढे जातो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1,000 मीटर. त्याला 3.2 ने भागा. चाक मिनिटाला साधारण 312 फेरे करतं, म्हणजे सेकंदाला 5.

डिफरन्शियलचं गुणोत्तर 6 धरू. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 6 फेरे. शाफ्ट मिनिटाला साधारण 1,875 फेरे करतो, सेकंदाला 31. क्रॉसचा दोष असेल तर एका फेऱ्यात दोन धक्के बसतात, म्हणजे सेकंदाला 62. टॉप गियर थेट असेल तर इंजिनही 1,875 वर फिरतं. सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला 94 च्या आसपास.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. त्यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. 60 च्या वेगाला धक्के बोटांवर मोजता येतील इतके सावकाश असतील, धड-धड-धड असे, तर ते चाकाचे. मोजता येत नाहीत, पण सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून भर्रर्र असं जाणवतं, तर संशय शाफ्टवर. अजून बारीक, आवाजासारखी गुणगुण असेल तर क्रॉसचा कोन, इंजिन किंवा क्राउन-पिनियन.

ओढ घेतानाच का?

आता मुख्य प्रश्न. एकसारख्या वेगात गाडी शांत असते आणि ॲक्सिलरेटर दाबला की थरथरते, असं का?

कारण ओढ घेताना गाडीचे भाग नुसते फिरत नाहीत, पिळले जातात. समजा इंजिनाचा पीळ 800 न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गियरचं गुणोत्तर 7 आणि डिफरन्शियलचं 6. गुणाकार केला तर मागच्या चाकांपर्यंत 33,600 न्यूटन-मीटर पीळ पोचतो. जितक्या जोराने ॲक्सल चाकांना पुढे फिरवतो, तितक्याच जोराने तो स्वतः उलट फिरू पाहतो. त्याला धरून ठेवतात ते पाटे, यू-बोल्ट आणि दोन मागचे ॲक्सल असतील तर टॉर्क रॉड. तरीही पाटे थोडे वळतातच, आणि डिफरन्शियलचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथे जोडलेला असतो तो भाग, वर उचललं जातं. नाक वर गेलं की शाफ्टचा कोन बदलतो.

कोन बदलल्याने काय बिघडतं, हे समजण्यासाठी क्रॉसचा स्वभाव माहीत हवा.

क्रॉसचा स्वभाव

गियरबॉक्स चेसिसला घट्ट बांधलेला असतो आणि मागचा ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होतो. या दोघांना जोडायला वाकून फिरणारा सांधा लागतो. ही कल्पना जुनी आहे. युरोपात या सांध्याला सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन गणितज्ञाचं नाव मिळालं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. मोटारीसाठी अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसर यांना 1903 साली त्याचं पेटंट मिळालं. अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात बारीक सुया. हाच आपला क्रॉस.

या सांध्यात एक खोट आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा एका बाजूने एकसारखी गती दिली, तरी दुसऱ्या बाजूने ती एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू होते. 5 अंशांच्या कोनाला हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, 10 अंशांना दीड टक्का होतो. म्हणजे कोन दुप्पट झाला की हेलकावा जवळजवळ चौपट. आकडा लहान वाटेल, पण हे मिनिटाला हजारो वेळा घडतं, आणि शाफ्टचं वजन मोठं असतं.

यावर उपाय असा की शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस बसवायचे. पहिला जे बिघडवतो ते दुसरा सुधारतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. यातली एक अट मोडली की दुसरा क्रॉस पहिल्याची चूक निस्तरण्याऐवजी तिच्यात भर घालतो.

ओढ घेताना थरथरणाऱ्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांच्यात या दोन अटींपैकी एक मोडलेली पुष्कळदा सापडली. आणि ती बहुतेक वेळा दुरुस्तीच्या वेळीच मोडलेली होती.

रस्त्यावरच्या पाच चाचण्या

स्पॅनर हातात घ्यायच्या आधी गाडी चालवून पाहा. सपाट, मोकळा रस्ता निवडा. शेजारी एक माणूस वही घेऊन बसू दे. ड्रायव्हरने फक्त रस्ता पाहायचा.

पहिली चाचणी: गाडी उभी, न्यूट्रलमध्ये. हळूहळू रेस वाढवा. ठरावीक आरपीएमला गाडी थरथरली तर दोष इंजिन, त्याची माउंटिंग, पंखा किंवा फ्लायव्हील-प्रेशर प्लेटकडे आहे. थरथरली नाही तरी इंजिनाला अजून सोडू नका. वजन घेतल्यावरच मिस मारणारं इंजिन उभ्या गाडीत साळसूद वागतं.

दुसरी: पहिल्या गियरमध्ये गाडी उचला. क्लच अर्धा असतानाच हादरते आणि पाय पूर्ण काढला की थांबते, असं असेल तर क्लच पाहा. प्लेटवर तेल, जळालेली प्लेट, झिजलेली प्रेशर प्लेट किंवा सैल माउंटिंग. पाय काढल्यावरही चालू राहत असेल तर पुढे चला.

तिसरी: ओढ देऊन थरथर सुरू करा, वेग आणि आरपीएम लिहून घ्या. मग तोच वेग एक गियर खाली घेऊन पुन्हा करा. समजा टॉपमध्ये 40 ला थरथरते. खालच्या गियरमध्येही 40 लाच थरथरली तर दोष गियरबॉक्सच्या मागे आहे: शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकं. पण खालच्या गियरमध्ये ती 30 लाच सुरू झाली आणि आरपीएम तोच आहे, तर दोष इंजिनाच्या मागे लागलेला आहे. ही एक चाचणी अर्धी गाडी संशयातून बाहेर काढते.

चौथी: थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर सोडा आणि दोन-तीन सेकंद क्लच दाबा. उतारावर हे कधीही करू नका, आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. क्लच दाबूनही थरथर राहिली तर बॅलन्स बिघडलेला आहे, शाफ्टचा किंवा चाकांचा. पाय उचलताच थांबली तर दोष पीळ बसल्यावर उघडा पडतो: कोन, योकची रेषा, क्रॉसचा ढिलेपणा, सेंटर बेअरिंग, यू-बोल्ट, टॉर्क रॉड. इंजिन मिस मारत असलं तरी असंच होतं, पण ते तिसऱ्या चाचणीत पकडलं गेलेलं असेल.

पाचवी: रिकामी आणि भरलेली. दोन्ही वेळा तीच चाचणी करा. वजन बदललं की पाटे बसतात किंवा उठतात आणि कोन बदलतो. रिकामी असताना एक आणि भरलेली असताना दुसरंच, असा फरक पडला तर कोनाकडे बोट दाखवा.

एक खूण आणखी. पुढच्या चाकाची थरथर स्टिअरिंगमध्ये येते, मागच्याची सीटमध्ये. फक्त ब्रेक लावताना आली तर तो ड्रमचा विषय आहे, आजचा नाही.

गाडीखाली काय पाहायचं

आता गाडीखाली जाऊ. सपाट जमीन, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. शाफ्ट हलवून पाहायचा तर गियर आणि पार्किंग ब्रेक सोडावे लागतात, म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, घोडी लावाच.

सर्वांत आधी क्रॉस. शाफ्ट दोन्ही हातांनी धरा, पिळा, वर-खाली करा. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल इतकाही ढिलेपणा नको. कपाच्या कडेला लाल पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून खाल्ल्या जात आहेत. तो क्रॉस त्याच दिवशी बदला. ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तीन कपांतून आलं म्हणून थांबायचं नाही. चौथ्यातून येत नसेल तर शाफ्ट हलवा, पुन्हा मारा. तरीही येत नसेल तर क्रॉस उघडा. माझ्या टेबलावर आलेला कप तो चौथाच होता.

मग स्लिप जॉइंट. शाफ्ट लांब-आखूड होतो ती दातेरी जागा. दोन्ही भागांवर बाणाची खूण असते. दोन बाण समोरासमोर हवेत. शाफ्ट उघडून परत बसवताना एखादा दात इकडे-तिकडे झाला की योक एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरू लागते. खूण दिसत नसेल तर उघडण्याआधी स्वतः पंचने करा. खडूची खूण धुतली की पुसली जाते.

सेंटर बेअरिंग. लांब गाडीत शाफ्ट दोन-तीन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं बेअरिंग त्याला पेलतं. रबर फाटलं की ओढ घेताना शाफ्ट मधोमध उडी मारतो. गाडी उभीवरून उचलताना, 10 ते 30 च्या वेगात जोरात धडधडते आणि पुढे शांत होते, ही त्याची जुनी सवय. ब्रॅकेटचे बोल्टही पाहा.

शाफ्टची नळी. तिच्यावर पोचा आहे का? बॅलन्ससाठी जोडलेली पत्र्याची छोटी पट्टी निघून गेल्याचा डाग दिसतो का? डांबर, सिमेंट, चिखलाचा गोळा चिकटला आहे का? बांधकामाच्या ठिकाणी फिरणाऱ्या गाड्यांत नुसता शाफ्ट खरवडून थरथर गेलेली मी पाहिली आहे.

पुढे फ्लँजचे बोल्ट, इंजिन आणि गियरबॉक्सची माउंटिंग, पाट्यांचे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, पिना-बुश आणि टॉर्क रॉडचे बुश. यू-बोल्ट सैल झाल्याची खूण म्हणजे पाट्यांच्या मध्ये चमकणारी घासलेली जागा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सलच जागेवरून सरकतो.

शेवटी पिनियन. फ्लँज धरून वर-खाली हलवा. असा खेळ असेल तर पिनियनचं बेअरिंग गेलं आहे. ओढ घेताना एक आवाज आणि पाय सोडल्यावर दुसरा आवाज, हेही डिफरन्शियलकडे बोट दाखवतं.

इंजिन मिस मारत असेल तर आधी स्वस्त गोष्टी: डिझेल फिल्टर, पाइपमध्ये शिरलेली हवा, एअर क्लीनर. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मेला आहे ते पाहत असत. नव्या कॉमन रेल इंजिनात हे चुकूनही करू नका. तिथे डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर असू शकतो. तो बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि हात गमवायची वेळ येते. तिथे स्कॅनर लावूनच तपास करा.

इंदूरची गाडी

आता इंदूरच्या त्या फोनबद्दल सांगतो. मालक आपला मराठी माणूस, तीन पिढ्यांपासून माळव्यात. एकच ट्रक, त्यावर बँकेचा हप्ता. तो म्हणाला, "काका, क्लच प्लेट बदलली, माउंटिंग बदलली, मागचे चार टायर नवे टाकले, शाफ्ट बॅलन्स करून आणला. दुसऱ्या-तिसऱ्या गियरला उचलताना गाडी अजून थरथरते. आता मिस्त्री म्हणतो, गियरबॉक्स उतरवू. दोन ड्रायव्हर बदलले. मला वाटतं, यांना चालवताच येत नाही."

मी पाचही चाचण्या करायला सांगितल्या. क्लचमधून पाय काढल्यावरही थरथर होती, गियर बदलला तरी वेग तोच होता, ॲक्सिलरेटर सोडला की थांबत होती. म्हणजे शाफ्टचा कोन किंवा योकची रेषा. बाण जुळलेले होते. मग मी म्हणालो, "ड्रायव्हरला फोन द्या." तो म्हणाला, "साहब, कमानी चढ़वाई थी, तभी से है."

कमानी, म्हणजे पाटे. जास्त माल घेता यावा म्हणून सहा महिन्यांपूर्वी जादा पाटे चढवले होते. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये एक पोलादी पाचर असते, डिफरन्शियलचं नाक योग्य कोनात ठेवण्यासाठी. त्या गाडीची पाचर 3 अंशांची होती आणि पाटे चढवताना दोन्ही बाजूंना ती उलटी बसवली गेली होती. नाक 3 अंश ज्या बाजूला हवं, त्याच्या बरोबर उलट 3 अंश. एकूण फरक 6 अंशांचा. त्यात ओढ घेताना नाक आणखी वर जात होतं.

हा कोन मोजायला यंत्र लागत नाही. फोनमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. फोनची कड गियरबॉक्सच्या फ्लँजवर, मग शाफ्टच्या नळीवर, मग पिनियनच्या फ्लँजवर टेकवा आणि आकडे लिहा. फ्लँजवर फोन उभा टेकतो आणि नळीवर आडवा, म्हणून फ्लँजच्या आकड्याला 90 अंशांचा हिशेब लावून घ्या. गियरबॉक्स आणि शाफ्ट यांच्यातला फरक हा पुढचा कोन, शाफ्ट आणि पिनियन यांच्यातला फरक हा मागचा. दोन्हींत 1 अंशापेक्षा जास्त तफावत नको. प्रत्येक कोन 3 अंशांच्या आसपास असला तर उत्तम. अगदी शून्यही नको, कारण मग सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच मानायचा.

पाचर सरळ केली, जादा पाटे उतरवले, झिजलेला मागचा क्रॉस बदलला. एका दिवसाचं काम. गियरबॉक्स उतरवावा लागला नाही.

जादा पाट्यांबद्दल एक शब्द. पाटा चढवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. क्रॉस तोच, पिनियन तोच, ब्रेक तेच. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून जास्त माल भरण्याची भीड जाते. वजन कागदावर लिहिलंय तेवढंच घ्या.

पैसे कुठल्या क्रमाने खर्च करायचे

आधी फुकट गोष्टी: चाचण्या, पाहणी, शाफ्ट खरवडणं, बाण पाहणं, कोन मोजणं. मग थोड्या पैशांच्या: ग्रीस, बोल्ट आवळणं, फिल्टर. मग क्रॉस, सेंटर बेअरिंग, बुश. त्यानंतर शाफ्ट बॅलन्स. क्लच, गियरबॉक्स, डिफरन्शियल सर्वांत शेवटी, आणि तेही चाचणीने तिकडे बोट दाखवलं तरच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तीच चाचणी करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

आणि कधी थांबायचं? क्रॉस हाताला ढिला लागला, कपाजवळ लाल पूड दिसली, फ्लँजचा बोल्ट गेला, किंवा थरथर एका फेरीत अचानक वाढली, तर गाडी पुढे नेऊ नका. माल उशिरा पोचला तर भाडं कापलं जाईल. पुढचा शाफ्ट पुढच्या टोकाला सुटला आणि जमिनीत रुतला तर अख्खी गाडी उचलली जाऊ शकते. शाफ्टखाली लोखंडी पट्टीचा पाळणा असतो तो याचसाठी. दुरुस्तीत काढून ठेवलेला असेल तर आजच परत बसवा.

शेवटचं मालकांसाठी. गाडी रोज बारा-बारा तास ज्याच्या पाठीखाली असते, तो ड्रायव्हर हे तुमचं पहिलं तपासणी यंत्र आहे. त्याला ओरडू नका, तीन प्रश्न विचारा: कधीपासून, कुठल्या वेगाला, आणि त्याआधी गाडीवर काय काम झालं होतं. इंदूरच्या मालकाने आधी काढून टाकलेल्या दोन्ही ड्रायव्हरांना फोन करून माफी मागितली. एक परत आला. माझा कराडकडचा ड्रायव्हर पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. मी त्याची माफी त्याच संध्याकाळी मागितली होती. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पुढच्या बारीला गाडीखाली माझ्यासंगं या." मी गेलो, आणि नंतर प्रत्येक वेळी गेलो.

पुढच्या भागात स्टिअरिंगचा ढिलेपणा आणि पुढच्या चाकांची झीज पाहू. तोवर आपल्या गाडीखाली एकदा वाकून बघा. नमस्कार.